मीठ लावणारा हात

मिठाच्या गोणीवर बसू नये. गोण ओली होत नाही, बसणारा होतो.

•

कोळंबीला खवले नसतात.

•

फ्लोरावहिनी बोलायच्या तेव्हा त्यांच्या ओठांत टाचण्या असायच्या. इतकी वर्षं शिवणकाम केलं, एकही गिळली नाही.

•

"शुलामिथ कसं वाटतं?"

"कुणाला?"

•

सासूबाईंचं उजवं मनगट बांबूच्या कामट्यांत होतं. वर जुन्या धोतराची पट्टी, पट्टीवर हळदीचा डाग. बोटं तेवढी बाहेर.

•

माझा बाप मिठागरात पोरांना ओरडायचा, "पान्याला छेरू नका. गप ऱ्हायला त मीठ जाडा व्हतं."

•

निळा खोका. झाकणावर इंग्रजी अक्षरं. आत माझ्या ओळखीची गोष्ट, अनोळखी कपड्यांत.

•

हे सगळं दोन दिवसांत मावतं. मे महिना, पेणजवळचं गाव, वाक्रूळकरांचं घर. मी त्या घरातली धाकटी सून, चांगुणा. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. पोटात चौथा महिना होता आणि तो फक्त तिघांना माहीत होता: मला, माझ्या नवऱ्याला, रहमीमला, आणि सासूबाईंना. त्यांना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी एकदा मला चिंच खाताना पाहिलं आणि चिंचेची बरणी खालच्या फळीवर आणून ठेवली. एवढंच.

मी आगऱ्यांची, मीठ पिकवणाऱ्यांची. रहमीम बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. गावातले म्हातारे अजून त्यांना शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी बैल सुटलेला असे. भाषा आमची एकच, नारळ एकच, लुगडं एकच. फरक कुठे होता ते मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक खाचांचा पाट भिंतीला टेकून उभा होता. मी तो पुसायला घेतला.

"त्याला हात नाही लावायचा हो," सासूबाई म्हणाल्या. तो शेवटचा "हो" मऊ होता. म्हणूनच जास्त लागला.

तो मटणाचा पाट. रक्त खायचं नाही हा त्यांचा नियम, जसा खवले नसलेलं, कोळंबीसारखं, काही खायचं नाही हा. मटण आधी पाण्यात भिजत घालायचं, मग या पाटावर मांडायचं, पाटाच्या एका टोकाखाली वीट ठेवून उतार द्यायचा आणि जाडं मीठ लावायचं. मीठ रक्त ओढून घेतं, रक्त खाचांतून खाली ठिबकतं. मग पाणी बदलून बदलून तीनदा धुवायचं. तेव्हा ते कोशर होतं, म्हणजे त्यांच्या धर्माला चालणारं. हे काम घरातली वडील बाई करी. मासे, भाकरी, वाटण, भांडी, सगळं माझ्याकडे होतं. तो पाट नव्हता.

आता गंमत ऐका. ते जाडं मीठ घरात कुठून येई? माझी आय आणायची. आमच्या आगरातून, डोक्यावर पाटी घेऊन, उन्हातान्हात, मागच्या दाराने. मी परकरात होते तेव्हापासून तिच्या मागे मागे येत होते. रहमीमने मला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच दारात, तोही शाळकरी आणि मीही. म्हणजे आमच्या हातचं मीठ चालत होतं. मिठाला लागलेला आमचा हात चालत नव्हता.

हे वाक्य मी कित्येक महिने सुपारीसारखं गालात धरून ठेवलं होतं.

•

हानोखमामा, सासूबाईंचे थोरले भाऊ, लोदहून आले होते. इस्राएलातलं गाव. तिथे जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. माणूस वाईट नव्हता. मला पाहिल्या पाहिल्या त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि मग रहमीमकडे वळून मी तिथे नसल्यासारखं विचारलं, "हिचं काय करायचं ठरवलंयत?"

"जेवायला घालायचं," रहमीम म्हणाला. तो एसटीत कंडक्टर. त्याच्याकडे उत्तरं सुट्टी असत.

"थट्टा नको. तिकडे यायचं असेल तर हिला आधी आपली करून घ्यावी लागेल. विधीचं स्नान, नवं नाव. मूल आईच्या धर्माचं होतं, माहिताय ना?"

त्यांना चौथा महिना माहीत नव्हता. तरी माझा हात पोटावर गेला.

"शुलामिथ कसं वाटतं?" मामा म्हणाले.

"कुणाला?" मी विचारलं.

"तुलाच. नाव."

"मला नाव आहे, मामा."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. एक खडा उचलून अंगणात भिरकावला, एवढंच.

•

दुसऱ्या दिवशी मलिदा होता. मामा सुखरूप आले म्हणून एलियाहू हनाबी या प्रेषिताचे आभार मानायचे: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं, प्रार्थना, आणि त्यानंतर मटणाचं जेवण. सकाळी हझान, म्हणजे मशिदीत प्रार्थना सांगणारे, अलिबागहून आले. सिनॅगॉगला इकडे मशीदच म्हणतात. त्यांनी बकरा कापून दिला, चहा घेतला आणि दुसऱ्या गावी गेले.

त्याच सकाळी सासूबाई पट्टी बांधलेला हात घेऊन चुलीपाशी आल्या.

"हे काय?"

"काल तिन्हीसांजेला विहिरीवर घसरले. जनू वैदाकडून बांधून आणलंय. मोडलंय म्हणाला."

"मला हाक का नाही मारली?"

"तुला हाक मारून हाड जुळलं असतं?"

जनू आमच्यातला, गावचा हाडवैद. त्याच्या हाताखाली ओरडलं नाही असं माणूस नव्हतं, आणि सासूबाईंचा आवाज रात्री कुणी ऐकला नव्हता. मी मनात म्हटलं, बाई घट्ट आहे.

मटण घमेल्यात भिजत होतं. पाणी गुलाबी झालं होतं. मामांनी दारात उभं राहून विचारलं, "आता मीठ कोण लावणार?"

मी विळीवर बसून नारळ खवत होते. खवणं थांबवलं नाही.

"मी लावते की," फ्लोरावहिनी म्हणाल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई, माहेर भायखळ्याचं, मलिद्यासाठी मुंबईहून आल्या होत्या.

"लावलंयस कधी?"

"बघितलंय. आजी लावायची."

"बस्स झालं," मामा खुशीत म्हणाले आणि आत जाऊन तो निळा खोका घेऊन आले. "हे घे. खास कोशर मीठ. थेट अमेरिकेतून आलंय माझ्या जावयाकडे. तुमचं ते चिखलातलं खडेमीठ नको आज."

चिखलातलं. मी खवत राहिले.

वहिनींनी खोका फोडला. काही कण माझ्या पायाशी उडाले. मी एक बोटाने उचलून पाहिला. चपटा, हलका, माशाच्या खवल्यासारखा. बोटाला चिकटला, घरंगळला नाही. मिठाची चूक नव्हती. ओल्या मांसावर ते नीट बसणार, लगेच विरघळणार नाही, खाली गळणार नाही. मिठाशी माझं कधीच भांडण नव्हतं.

वहिनींनी लावायला सुरुवात केली. उदार हात. अर्ध्या मटणावर खोका संपला.

"असू दे, असू दे," मामा म्हणाले. "घरातलं आण काहीतरी."

"जाड्या मिठाची बरणी रिकामी आहे," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "काल संपलं."

वहिनी फळीवरून जेवणातल्या मिठाची बाटली घेऊन आल्या. बारीक, पांढरंशुभ्र, धारेने पडणारं. आदल्याच महिन्यात रहमीमने हौसेने आणलं होतं. त्यांनी खांद्याच्या एका मोठ्या तुकड्यावर बाटली उपडी केली. मीठ पडलं आणि दिसेनासं झालं. ओल्या मटणावर जणू काही टाकलंच नव्हतं. त्यांनी आणखी टाकलं. तेही गेलं.

"ते नका लावू, वहिनी."

मी हे बोलले तेव्हा मला वाटलं मी मनातच बोलले. पण सगळे माझ्याकडे बघत होते.

"का?" मामांनी विचारलं.

"ते रक्त ओढायला थांबत नाही. लागलं की पाणी होतं आणि आत शिरतं. रक्त राहील आत आणि मटण खारट होईल."

"मीठ ते मीठ."

"नाही मामा. तुमच्या खोक्यातली मूठ आणि या बाटलीतली मूठ एका वजनाची नाही. जाड्या मिठात हवा असते. यात नुसतं मीठच."

"तुला आमच्या धर्मातलं काय कळतं गं?"

"धर्मातलं नाही कळत. मिठातलं कळतं."

मामांनी बहिणीकडे पाहिलं. सासूबाई खाटेवरून उठल्या, पाटाजवळ आल्या, वाकल्या. खोक्यातल्या मिठाखालून लालसर थेंब थाळीत पडत होते, टप, टप. बाटलीतल्या मिठाचा तुकडा नुसता चिकट, चकचकीत झाला होता.

"धू तो, फ्लोरा. आणि बाजूला काढ."

तो तुकडा वहिनींनी धुतला, पुन्हा धुतला, आणि हट्टाने वेगळा शिजवला. शेवटी गल्लीतल्या कुत्र्याला घातला. त्याने एक घास खाल्ला आणि विहिरीच्या दिशेने गेला.

•

मागच्या दारी पाटी टेकल्याचा आवाज झाला.

"चांगुने! मीठ आनलाय गो. आत देऊ का हितंच ठेवू?"

आय. घामाने ओली, चुंबळ हातात.

"आज कशी आलीस? आज तर तुझा वार नाही."

"तुज्या सासूनं निरोप धाडला. काल दुपारला. जाडा आन बोलली, निवरून."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या मटणाकडे बघत होत्या. तेव्हा मला एवढंच वाटलं की बाईला खोका पुरणार नाही हे आधीच कळलं होतं.

फ्लोरावहिनींनी पाटीत हात घातला, मूठ भरली आणि किंचाळल्या. त्यांची बोटं. वर्षानुवर्षं सुई टोचून चाळण झालेली बोटं. खोक्यातलं हलकं मीठ त्यांनी दात खाऊन सोसलं असणार. आमचं नाही सोसवलं. हात झाडत त्या अंगणात गेल्या, बादलीत बुडवून उभ्या राहिल्या, टाचण्या ओठांतून गळून पडल्या.

पाटावर अर्धं मटण उघडं होतं.

"चांगुणा लावेल," रहमीम म्हणाला.

नळीने फुंकायला कुणी नाही म्हणून चूल धुमसत होती.

"तर मग मी इथे जेवणार नाही," मामा सासूबाईंना म्हणाले. ओरडले नाहीत. "सिपोरा, ऐक. मी भांडायला आलो नाही. पण या घराचं मटण परक्या हाताने कोशर झालं असं मी लोदला जाऊन सांगू? आधी हिला आपली करा. मग लावू दे पाहिजे तेवढं. तोवर हिने पाटाला शिवायचं नाही. आणि हिने शिवलं तर मी उठलो. पुन्हा या दारात येणार नाही."

खरं तर पणाला काय होतं ते आता सांगायला हवं. मामांचं जेवण नव्हे. आदल्या रात्री मी रहमीमला म्हटलं होतं की या घरात माझं मूल त्या पाटाला हात लावू शकणार नसेल, तर ते या घरात जन्मणार नाही. मी आगरात जाईन. तो म्हणाला होता, मी येईन तुझ्याबरोबर. मी म्हटलं होतं, तुझी आई एकटी पडेल. कुडाच्या भिंतीपलीकडे सासूबाई झोपत. कुडाच्या भिंती काहीच अडवत नाहीत.

"खाल्ल्या मिठाला जागावं माणसाने," मामा रहमीमला म्हणाले. "तू या घराचं मीठ खाल्लंयस."

आणि माझ्या गालातली सुपारी सुटली.

"कुणाचं मीठ, मामा? तुम्ही इथून गेलात तोवर या पाटावर जे मीठ पडलं ते कुणी ओढलं? माझ्या आजीने. नंतरचं माझ्या आयने. ती बघा, मागच्या दारी उभी आहे. तिच्या टाचा बघा. त्या टाचांनी तुडवलेल्या आगरातलं मीठ तुमच्या मटणाला कोशर करतं, आणि माझ्या हाताने मटण बाटतं? मग ते मीठ कुठून बाटायचं थांबतं ते तरी सांगा. पाटीत? दारात? बरणीत?"

"तोंड आवर, चांगुणे," सासूबाई म्हणाल्या.

मी थांबले. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. मला वाटलं, झालं. ही बाई भावाचीच.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आणि हात धू," त्या म्हणाल्या. "कोपरापर्यंत."

"सिपोरा!"

"दादा, माझा हात मोडलाय. डोळे नाही मोडले. मी इथे उभी राहून बघत्ये. आपलं माणूस उभं राहून बघत असलं की चालतं. बाबा सांगायचे. आईला बाळंतपणात शेजारच्या भिकूबाईने लावून दिलेलं, बाबा उभे होते. तेव्हा तू लहान होतास, पण जेवला होतास. दोन वाट्या."

"ते वेगळं होतं."

"कसं?"

मामांनी रिकामा निळा खोका उचलला आणि परत खाली ठेवला.

मी हात धुतले नव्हते. मी तिथेच उभी होते. मला आठवतं, त्या क्षणी मला भीती वाटली ती मामांची नाही, या सहज मिळालेल्या परवानगीची.

"आई, मी अडलंय म्हणून लावणार नाही," मी म्हटलं.

रहमीम कपाळावर हात मारायच्या बेतात होता.

"आज लावलं तर उद्याही मीच लावीन. तुमचा हात जुळला तरी. नाव माझं चांगुणाच राहील. पोटातलं जे येईल त्यालाही पाट शिकवीन, पोरगा असो की पोरगी. आणि माझी आय आज मागच्या दारी उभी राहणार नाही. हे जमत असेल तर हात धुते. नाहीतर मटण तसंच राहू दे. दुपार व्हायच्या आत वास मारेल."

"पोटातलं?" मामा म्हणाले.

"चौथा," सासूबाई म्हणाल्या, जणू त्यांनी दुकानातल्या कापडाची रुंदी सांगितली. मग माझ्याकडे वळल्या. "अटी झाल्या? आता हात धुतेस की आधी एखादा मोर्चा काढतेस?"

मी हात धुतले. कोपरापर्यंत.

मामा उठले, टोपी घातली, बॅग उचलली आणि ओटीवर गेले. रहमीम त्यांच्या मागे गेला. त्याचा आवाज मला आत ऐकू येत होता, "मामा, पेणची गाडी आता थेट संध्याकाळी. मी स्वतः त्या रूटवर असतो, मला विचारा. बसा. पाणी घेता?"

•

"खालून आधी," सासूबाई म्हणाल्या. "वरून सगळेच लावतात. फासळीच्या आतून. नुसतं भिरकावू नको, टोपी घाल त्याला मिठाची. हं. त्या सांध्यात बोट घाल. घाबरतेस काय, मेलाय तो."

आमचं मीठ खोक्यातल्यासारखं हलकं नव्हतं. जड, खडबडीत, कडेला करडं. पण ओल्या मांसाला धरून बसलं. थोड्या वेळाने पाटाच्या खालच्या टोकाशी एक थेंब जमला, फुगला, थाळीत पडला. मग दुसरा. मग दोन्ही अर्ध्यांचं ठिबकणं एक झालं. अमेरिकेतलं कुठलं आणि आगरातलं कुठलं, थाळीत काही कळत नव्हतं.

आय दारातून बघत होती. तिने आयुष्यभर ते मीठ विकलं होतं, त्याचं पुढे काय होतं ते पहिल्यांदा पाहत होती.

"असा वापरता व्हय," ती हळूच म्हणाली. "आमी त मासली खारवतो."

मग धुणं. एक पाणी, दुसरं, तिसरं. तिसरं स्वच्छ निघालं. मग वाटण, खोबऱ्याचं दूध. मटणाबरोबर गाईचं दूध, तूप, दही काही चालत नाही, म्हणून सगळा दाटपणा नारळाचा. रस्सा उकळायला लागला आणि मी सवयीने मीठ घ्यायला हात पाटीत घातला, मूठ भरून पातेल्यावर धरली. आमच्याकडे मटणाला मूठभरच लागतं.

माझं मनगट कुणीतरी पकडलं.

सासूबाई. पकड अशी की मुठीतलं मीठ सांडलं. एक हिरवी बांगडी पिचली आणि तिचा तुकडा चुलीत पडला.

"आता नाही," त्या म्हणाल्या. "ते आधीच मीठ प्यालंय. धुतलं तरी अंगात थोडं राहतंच. चव घे, मग चिमूट. सगळं माहीत आहे म्हणे हिला मिठातलं."

मी चव घेतली. चिमूटही लागली नाही.

मनगटावर त्यांच्या बोटांच्या चार खुणा उठल्या होत्या. मी त्या संध्याकाळपर्यंत चोळत होते.

•

मलिद्याची प्रार्थना मामांनीच सांगितली. घरात तेच वडील पुरुष, त्यांना सांगावीच लागली. आवाज चांगला होता. एलियाहू हनाबीचं नाव आलं तेव्हा तो आतून आला, मी ऐकलं. पोहे सगळ्यांना वाटले. आयलाही. ती भिंतीशी चवड्यांवर बसली होती, सासूबाई म्हणाल्या, "अहो, पाट आहे ना मांडलेला, त्यावर बसा," तेव्हा ती पाटाच्या कडेवर टेकली, जशी मिठाच्या गोणीवर.

मग मटण आलं. मी वाढलं.

मामांनी पानावर हात आडवा धरला. "मी मलिदाच खाईन."

"बरं," मी म्हटलं आणि त्यांना आणखी पोहे वाढले. त्यांना वाटलं असेल मी आग्रह करीन. मी केला नाही. ज्याला नको त्याला नको. ते शेवटपर्यंत नाहीच जेवले, दुसऱ्या दिवशी गेले ते पोहे खाऊनच गेले, आणि पुढे त्यांची पत्रं आली त्यांत "चि. रहमीम यास" असंच असायचं.

पण मी त्या पंगतीचं सांगत होते.

सासूबाईंचं पान वाढलेलं होतं आणि त्या बसून राहिल्या होत्या. उजवा हात मांडीवर, पट्टीत. सगळे थांबले. वडील बाईने घास घेतल्याशिवाय कुणी घेत नसे.

"आई, जेवा ना," रहमीम म्हणाला.

"कशाने? डाव्या हाताने?"

फ्लोरावहिनी उठू लागल्या. "मी चमचा देते."

"चमचा नको." त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातात अजून डाव होता, बोटांच्या पेरांत मिठाची चुणचूण होती. "चांगुणे, इकडे ये. भरव मला."

मी हलले नाही.

"भरव म्हणत्ये. त्याच हाताने."

मी डाव ठेवला. त्यांच्यासमोर बसले. भाताचा आणि मटणाचा घास केला, बोटांनी, आयने मला भरवला असेल तसा. मामा समोरच होते. त्यांच्या पानातले पोहे तसेच होते. सासूबाईंनी भावाकडे बघत तोंड उघडलं. माझी बोटं त्यांच्या ओठांना लागली. त्या सावकाश चावत राहिल्या, गिळलं, जिभेने दात चाचपले.

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "जेवा सगळे."

भिंतीकडून आयचा आवाज आला, तोंड भरलेलं असताना. "आमच्यात थोरा ज्यास्त घालतात. पन बेस झालाय."

पहिला हसला तो रहमीम. मग वहिनी, सुजलेली बोटं वाटीत बुडवलेली. मामांच्या मिशीखाली काहीतरी हललं, ते हसू होतं की पोहे, मी सांगू शकत नाही.

•

पाट आता माझ्या मुलीकडे आहे. खाचा झिजून उथळ झाल्यात, तिने सुताराकडून पुन्हा ओढून घेतल्या. तिचं नाव सासूबाईंनी ठेवलं: मीठा. ज्यूंच्यात असं नाव नाही आणि आगऱ्यांच्यातही नाही. शाळेत बाईंनी विचारलं की हे कसलं नाव, तेव्हा सासूबाई स्वतः शाळेत गेल्या होत्या.

मामा गेल्यावर चार-सहा दिवसांत सासूबाईंनी पट्टी सोडली. मनगट मुलीसारखं फिरत होतं. मी म्हटलं, "इतक्यात?" त्या म्हणाल्या, "जनूच्या हाताला गुण आहे." त्याच उजव्या हाताने त्यांनी कोपऱ्यातला पाट उचलला आणि माझ्या बाजूच्या भिंतीला लावून ठेवला.

त्या आठवड्यात जनू वैद गावात नव्हता. भाचीच्या लग्नाला तो उरणला गेला होता आणि त्याच्या घराला कुलूप होतं.